मामंजींची किक

माझ्या वहिनी शिवणकाम करतात. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं, आणि तोंडात टाचण्या धरूनही त्यांना स्पष्ट बोलता येतं. दादाच्या दोन जुन्या मोटरसायकलींना नावं त्यांनीच ठेवली. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक ती ‘नणंद’: जरा डिवचलं की पेटणार, निळा धूर सोडणार, आणि एकदा वेग चढला की कुणाच्या बापाला ऐकणार नाही. एकाच मोठ्या सिलिंडरची ती ‘मामंजी’: संथ, भारदस्त, मान राखल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. नणंदेवर दादा टवाळ पोरासारखा दिसे, मामंजींवर मुख्याध्यापकासारखा.

गेल्या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण किक कायमची बंद केली. नणंद हाताने दाबूनही सुरू व्हायची. मामंजी मात्र चादरीखाली गेले, आणि दादा त्या बाजूला फिरकेनासा झाला. शेवटी दादाच्या मुलाने विषय काढला: जी गाडी घरात कुणालाच सुरू करता येत नाही, ती घरात कशाला? रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं.

त्याला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. मुलाने नणंदेला मारतात तशा फटाफट किका मारल्या. पाचव्या किकेला मामंजींनी उलटा तडाखा दिला आणि तो नडगी धरून पायरीवर बसला. मग गिऱ्हाइकाने घाम गाळला, तरी इंजिन ढिम्म. दादाला युक्ती ठाऊक होती, पण तो खुर्चीत गप्प होता. गाडी सुरू झाली की ती जाणारच होती.

वहिनी शिलाई मशीनवरून उठून आल्या. गळ्यात टेप तशीच. “सरक,” त्या मुलाला म्हणाल्या. किकवर पाऊल ठेवून त्यांनी ती अगदी हळू दाबली. हेडलाइटजवळच्या मीटरचा काटा मधोमध आला. डाव्या हाताने छोटी लिव्हर ओढून, दाब मोकळा करून, किक किंचित पुढे सरकवली. लिव्हर सोडली, किक वर येऊ दिली आणि मग सगळं वजन टाकून एकदाच, तळापर्यंत.

खिडकीची तावदानं थरथरली. मामंजी बोलू लागले होते.

दादा उभाच राहिला. “तुला कुणी शिकवलं?”

“चाळीस वर्षं पिशवी धरून शेजारी उभी राहिलेय. काटा काय एकट्या तुम्हालाच दिसत होता?”

गिऱ्हाईक खुशीत पुढे आलं. वहिनींनी टाकीवर हात ठेवला आणि मुलाकडे वळल्या. “आता घरात सुरू करणारं माणूस आहे. तुझंच म्हणणं होतं ना?”

मुलगा नडगी चोळत हसला. गिऱ्हाइकाला चहा मिळाला, गाडी नाही.

“बसा अहो,” वहिनी दादाला म्हणाल्या. “किक माझी, हँडल तुमचं.”

दोघं तासाभराने परतली. मोठ्या चौकातल्या सिग्नलला इंजिन बंद पडलं होतं म्हणे. वहिनी उतरल्या, पदर खोचला, काटा मधोमध आणला. मागचा बसवाला हॉर्न वाजवायचं विसरून बघतच राहिला, हे दादाने मला आजवर अकरा वेळा सांगितलंय.