पलंगावर झोपून पाहणारे कूलरकाका

कूलर बसवून झाला की कूलरकाका सरळ आमच्या पलंगावर आडवे होत. चपला बाहेर काढून, पाय पुसून, पण अगदी हक्कानं. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई किंचाळल्याच, "अगं बाई, हा माणूस झोपला की काय!" काका डोळे मिटूनच म्हणाले, "झोपलो नाही जी, पाहून राहिलो. हवा पायाले लागून राहिली, डोक्याले नाही. कूलर सरकवा लागते."

नागपुरात मार्च संपला की साऱ्या गावाला कूलरवाला हवा असतो आणि तो काही सापडत नाही. काका मात्र दिलेल्या दिवशी सायकलवर गवताचं पोतं लादून हजर. कूलरच्या जाळीत गवत भरायचं काम इतर लोक पाच मिनिटांत उरकतात. काका मूठमूठ पिंजून बसवत आणि जाळी उजेडाकडे धरून पाहत. मी एकदा वैतागले, "काका, पुरे हो आता! कोण बघतंय?" तर म्हणाले, "कोष्ट्याचा पोरगा ना मी, ताई, बाप मागावर लुगडे विणे. कुठं विरळ दिसलं का मलेच झोप येत नाही."

पुढे त्यांच्या मुलानं, रूपेशनं, जरीपटक्याला एसीचं दुकान टाकलं. बापानं आता उन्हातान्हात सायकल हाणू नये, दुकानात गारव्याला बसावं, हा त्याचा हट्ट. त्याचं तरी काय चुकलं? मागल्याच वर्षी काकांना ऊन लागून चक्कर आली होती. काका बसले बापडे. आठच दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाला घराला खिडक्या किती ते विचारलं आणि सांगून मोकळे झाले, "एसी काहून घेता? तुमच्या घराले कूलर मस्त होते. मी लावून देतो!" रूपेशनं डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी काका दुकानातून निसटून आमच्या दारात. "ताई, गवत सडलं असन तुमचं," म्हणत कामाला लागलेसुद्धा. गवत महिन्यापूर्वीच बदललं होतं. तरी मी जाळ्या काढून दिल्या. त्यांचा चेहरा पाहून तुम्हीही दिल्या असत्या.

तासाभरात रूपेश आला, चांगलाच तापलेला. "बाबा, घरी चला! आता हे बंद म्हणजे बंद." काकांनी वळूनही पाहिलं नाही. "आला का? बरं झालं. हे जाळी धर बे, सरळ." इस्त्रीच्या शर्टातला तो मुलगा करतो काय, जाळी धरून उभा राहिला. काका गवत बसवत होते, गुणगुणत होते, मध्येच स्वतःशी हसत होते. रूपेश पाहतच राहिला. मग मला हळूच म्हणाला, "घरी असे कधी हसत नाहीत जी. मी बाबाले कामावर कधी पाहलंच नव्हतं."

जाळी बसली. घरी चला, हे काही तो पुन्हा बोलला नाही. हात झटकत म्हणाला, "बाबा, उद्या कुठं जाचं हाये? मी गाडीनं सोडून देतो."

त्यानंतर काका चार उन्हाळे आले, मुलाच्या गाडीतून, काय ती ऐट! आता ते नाहीत, आणि एप्रिल लागला की फार आठवतात.

मी चोवीस वर्षं सरकारी कचेरीत आहे. आपल्या लेकीनं आपल्याला कामावर पाहू नये, असंच मला वाटायचं. दिसणार काय तिला, तर फायलीवर जांभया देणारी, आल्यागेल्यावर खेकसणारी आई. रूपेशचं ते 'कामावर कधी पाहलंच नव्हतं' मला फार लागलं. हळूहळू खेकसणं सुटलं. अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला आधी बसवायचं, तिचा अर्ज तिला वाचून दाखवायचा, काम झाल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे अंगवळणी पडलं. आणि खरं सांगते, मजा येऊ लागली.

परवा लेकीला सुट्टी होती. म्हटलं, चल गं, आज माझ्या ऑफिसात.