इक्बालच्या लॅपटॉपवरून आलेली फाइल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा मी माणूस. आजही उठून जातो... फक्त आता कप तिथंच विसरतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं सॉफ्टवेअर मी आणि माझा पार्टनर इक्बाल सांभाळायचो. वितळलेलं लोखंड वाहणारी मोठी बादली — लॅडल — कधी कलंडवायची ते आमचा प्रोग्राम ठरवतो. गेल्या दिवाळीच्या आधी पन्हाळ्याच्या वळणावर ट्रकनं इक्बालला उडवलं. लॅपटॉप पाठीवरच होता. लॅपटॉपचे तुकडे मीच पिशवीतून आणले. अजून कपाटात आहेत.

तो गेल्यावर कोडच्या प्रती घरी एक, ऑफिसात एक, फाउंड्रीत तिसरीच. हे सगळं तो बघायचा. मग मी या प्रती जुळवून ठेवणाऱ्या टूल्सचा अभ्यास सुरू केला. गिट चांगलं, पण प्रत्येक बदलाला 'काय केलं, कुणी केलं' लिहायला लावतं, आणि मी पडलो आळशी. आरसिंक भराभर कॉपी करतं, पण दिशा उलटी दिली की जुनी फाइल नव्यावर बिनदिक्कत बसवतं. तिसरं टूल आपोआप सिंक करतं. एकाच फाइलीत दोन ठिकाणी वेगळे बदल दिसले तर दोन्ही ठेवतं आणि जादा फाइलीला ती ज्या कॉम्प्युटरवरून आली त्याचं नाव चिकटवतं.

शहाण्यानं एक निवडलं असतं. मी तिन्ही एकाच फोल्डरवर सोडली — बघू कोण जिंकतंय.

सकाळी फाउंड्रीत स्क्रीनवर एक जादा फाइल दिसली. नाव — 'इक्बाल-लॅपटॉप'. जुना कचरा म्हणून डिलीट केली. परत आली. पुन्हा डिलीट केली, पुन्हा आली. नेटची वायर उपटली... तरी आली. मग उघडली.

खाली माणूस आहे का ते सांगणारा सेन्सर गप्प असेल तर लॅडल हलवायची नाही, एवढी एकच अट. वर इक्बालची नेहमीच्या थाटातली टीप: "सेन्सर मेला तर थांब की भावा. खाली तानाजीमामा असत्यात."

ही अट प्रोग्राममध्ये आधीपासून होती. चालू फाइल बघितली, तर नाही. माझ्या शर्यतीत, ती अट नसलेल्या जुन्या प्रतीनं ती पुसून टाकली होती.

काचेपलीकडं तानाजीमामा लॅडलखाली साचा साफ करत होते. मी पळत सुटलो.

"मामा, बाहेर या!"

"का रं, आग लागलीया काय?"

"या आधी."

"कॉम्प्युटरवाला झालास म्हणून वरडतोस व्हय?" मला शिव्या घालायलाच ते चार पावलं पुढं आले. त्यांच्या पाठीमागं लॅडल कलंडली. मामांची पाण्याची बाटली साच्याजवळ ठेवलेली होती. ती नंतर सापडलीच नाही.

सेन्सरची वायर जळून तुटली होती.

तुटलेल्या वायरीकडं बघत मामांनी विचारलं, "तुला कुणी सांगिटलं?"

"पार्टनरनं."

"मग बोलव की त्याला. च्या पाजतो."

जुनी प्रत कुठल्यातरी कोपऱ्यातून उसळली असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मामा गारगोटीहून कामाला आले ते या उन्हाळ्यात. इक्बालनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. आता फक्त गिट वापरतो. ती अट परत घातली तेव्हा गिटनं विचारलं — बदल कुणी केला? मी इक्बालचं नाव लिहिलं.