चौथं काम

एखादी वस्तू एकच काम करताना दिसली की आमच्या मॅडमना बघवत नसे. प्रयोगशाळेतला प्रिंटर ज्या खोक्यात होता, त्याच खोक्यावर त्या बसायच्या. कागद अडकला की आधी मॅडमना उठवायचं. गाडीच्या डिकीत मोजमापाचा अँटेना आणि मोरा बंदरावरून आणलेली सुकट शेजारी-शेजारी. अँटेना हाताळला की अर्धा दिवस बोटांना वास. तक्रार केली की म्हणायच्या, "डिकी काय अँटेन्याला आंदन दिलीय?"

अशा बाईंच्या हाताखाली मी पीएचडीला लागले, आणि तेही अशा विषयात की त्यांच्या खोडीला शास्त्राचंच पाठबळ. विषय मेटासरफेस. पातळ पाटी, तिच्यावर ओळीने तांब्याच्या बारीक नक्ष्या. नक्षीचा आकार बदलला की पाटीवर येणारी रेडिओलहर आपल्याला हवी तशी वळते, शोषली जाते, नाहीतर तिच्या कंपनाची दिशा फिरते. एका पाटीकडून जितकी जास्त कामं करून घ्याल तितकं कौतुक. माझ्या पाटीला ही तिन्ही कामं येत होती. कुणीही शहाणा माणूस इथे थांबून प्रबंध लिहायला बसला असता. मॅडम म्हणाल्या, "अजून एक बसंल."

कॉलेजात त्यांना मागून अजूनबाई म्हणत ते उगाच नाही.

चौथं काम म्हणजे लहर दोन दिशांना वाटून देणं. त्यासाठी नव्या नक्ष्या घातल्या की जुन्या बिघडायच्या. हे तांब्याचे तुकडे सोसायटीतल्या शेजाऱ्यांसारखे असतात, जवळ आले की एकमेकांच्या कामात नाक खुपसतात. वाटणी जमली की शोषण बोंबलायचं, शोषण सुधारलं की वळण गेलं. महाप्याला ज्या कारखान्यात आमच्या पाट्या बनत, तिथे एकदा पाटी नक्षी कोरायला ॲसिडात जायच्या बेतात असताना मॅडमचा फोन : थांबा, एक रांग वाढवायचीय. मालक वैतागला, "मॅडम, आता टाकू का नको? एकदाच काय ते फिक्स बोला!" रांग वाढलीच. ती पाटी चारांतलं एकही काम धड करेना. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

एकदा मी भांडलेच. सगळं एकाच पाटीने कशाला करायला हवं? मॅडमचं गाव जुईनगरजवळचं, खाडीकाठचं. शेतं शहरात गेली, पण रागावल्या की बोली पुरती परत यायची. "आमचा एकच खला व्हता. तितंच भात झोराचा, तितंच मासली सुकवाची, माजे बहिनीचा लगीन पन तितंच लागला. तवरीच जागा हाय तं काय करशील?" खळ्यावर भात आणि लग्न एकाच दिवशी नसत, हे अगदी जिभेवर आलं होतं.

माझी खरी अडचण वेगळी होती. एका कंपनीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध दिवाळीआधी मान्य झाला तरच. शेवटी रडकुंडीला येऊन मी सांगितलं, तीनच कामं लिहिते, नाहीतर सोडून जाते. मॅडमनी पाटी उचलून माझ्यापुढे सरकवली. "लिही. पण चूक करतेयस."

चूक होतीच. प्रबंधाच्या शेवटी चौथ्या कामाचा ओझरता उल्लेख राहिला होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तीन कामं इतरांनीही केलीत. चौथ्याचा प्रयत्न अर्धवट का सोडलात?" हातातोंडाशी आलेली नोकरी जाताना दिसू लागली.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मीच थांबवलं तिला. ती करत होती."

ज्या बाईंनी जन्मात कशालाही पुरे म्हटलं नव्हतं, त्या! सर उखडले. "गाइडमध्येच दम नसेल तर मुलांनी काय करायचं?" सगळ्या विभागासमोर. मॅडम मान खाली घालून "हो सर" म्हणाल्या. मग सर माझ्याकडे वळले, मुलीचं काम स्वच्छ आहे म्हणाले, आणि मी पास झाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत? त्या पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. "नोकरी तुला लागायचीय. मला नाय." इतकी वर्षं या बाईंवर मी मनसोक्त चिडत आले होते. त्या दिवशी चिडताही येईना, तिथेच उभी राहून मी रडले.

दिवाळीआधी मी कामावर रुजू झाले. मॅडम पुढे निवृत्त झाल्या, पण तोवर विभागाने त्यांच्याकडे एकही नवा विद्यार्थी दिला नाही. कारण काय, तर या बाई काम लवकर थांबवतात.