शेंडे खुडलेली ऑब्रिशिया

तुमच्या दगडी कठड्यावर पसरलेल्या ऑब्रिशियाच्या फुलांच्या जांभळ्या गादीचा फोटो पोहोचला. तिकडे ती दर वसंतात आपोआप फुलते, असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे आपोआप काही झालं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आम्ही बेलापूरला होतो आणि मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. माझ्या नणंदेने इंग्लंडहून याच फुलांच्या बियांचं पाकीट पाठवलं. मातीत चुनखडीची खडी मिसळून मी दोन कुंड्यांत बी पेरलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही.

"लोक हंडाभर पाण्यासाठी चार मैल चालत्यात, आन तू फुलं पाजती व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की कुंड्यांना फक्त भाजी धुतलेलं पाणी घालायचं, आणि होळीपर्यंत फूल आलं नाही तर त्यांत कोथिंबीर लावायची.

रोपं किरटी वाढली. मार्गशीर्षात एके दुपारी शाळेतून आले, तर एकाही रोपाला शेंडा नव्हता. सासूबाई नेवाशाकडच्या शेतकरी घरातल्या. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची त्यांच्या हाताला सवय. ताटात चमचाभर भाजी वाढत म्हणाल्या, "जरा कडूच हाय. पन जात मोहरीची, जिभेला कळतं."

वनस्पतिशास्त्राची पदवी माझी होती. हे झाड मोहरीच्या कुळातलं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तरीही मी रागाने भाजी खाल्ली नाही आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग प्रत्येक खुडलेल्या शेंड्याखाली तीन-चार फुटवे दिसू लागले. थंडीत ते आडवे पसरले, कुंडीतली माती झाकली गेली. होळीला आठ दिवस असताना अकरा फुलं उमलली, प्रत्येकाला मोहरीसारख्या चारच पाकळ्या. "कोथिंबिरीचं धनं परसात टाकू आता," सासूबाई म्हणाल्या.

मी माझा वर्ग घरी आणला. एकीने विचारलं, "बाई, झाड एवढं दाट कसं झालं?"

"ते मी नाही केलं. आईंना विचारा."

सासूबाईंनी पदर खोचला. "नखानं खुडायचं, वढायचं न्हाई. वढलं की मूळ हालतं." मुली वाकून बघत होत्या. त्या तासाला मी मागे, मुलींच्या रांगेत उभी राहिले.