गुट्टीअप्पा आणि माझ्या तीन बरण्या

गुट्टीअप्पा भिंत चाखून बघत. अगदी खरोखर. नखाने चिमूटभर माती खरवडायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचा, "खारट हाय. हिच्यात खिळा टिकायचा न्हाई." मग अंगणात जाऊन चूळ भरायची. लग्न होऊन गंगाखेडला आले त्याच आठवड्यात मी हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, बापाने आपल्याला कुठल्या घरात दिलं! पुढे कळलं की आमच्या घरचे सगळे शहाणेच होते. वेडा माणूस शेजारी राहत होता, आणि त्याला विचारल्याशिवाय शहाण्यांचं पान हलत नव्हतं.

अप्पा म्हणजे मामंजींचे चुलतभाऊ. मधे एकच भिंत. अलीकडे आमचं स्वैपाकघर, पलीकडे त्यांचं माजघर. धंदा किराण्याचा, पण जीव भिंतींत. भिंतीला भोक पाडून त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवतात, म्हणजे खिळ्याला धरायला काही मिळतं. त्या तुकड्याला गुट्टी म्हणायचं. अशा गुट्ट्या त्यांच्या बंडीच्या खिशात कायम खुळखुळत असायच्या. बाभळीची, सागाची, कडुनिंबाची, बांबूची. कुणी तंबाखूसाठी हात पुढे केला तर अप्पा त्याच्या तळव्यावर गुट्टी ठेवत आणि म्हणत, "वजन बघा." गावात कुठेही फळी लावायची झाली की सुताराच्या आधी अप्पांना बोलावणं जाई, आणि अप्पा येऊन गेले की सुताराला बोलवायची गरज उरत नसे, कारण फळी लावायचंच रद्द होई.

त्यांच्या स्वतःच्या दुकानात एकही फळी नव्हती. गूळ, तेल, डाळी, सुपारी, सगळं जमिनीवर. गिऱ्हाईक एक पाय मिठात आणि एक पाय मिरच्यांत ठेवून उभं राहायचं. घरात तर साधी खुंटीही नव्हती. अप्पा जेवायला बसले की डोईचा रुमाल बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातात देत आणि जेवण होईपर्यंत काकू तो धरून उभ्या राहत. "दुसऱ्याच्या भितीचा फैसला करता येतो," अप्पा म्हणत, "आपलीचा करायला माणसाला इत्मिनान पाहिजे." हा इत्मिनान, म्हणजे मनाचा निवांतपणा, त्यांना तीस वर्षांत मिळाला नव्हता.

आता माझं दुखणं सांगते. माझ्या आईने ताडकळसच्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या तीन चिनी मातीच्या बरण्या मला दिल्या होत्या. एकीत आंबा, एकीत लिंबू, एकीत लाल मिरचीचा ठेचा. आमच्या स्वैपाकघरात सहा कोनाडे होते आणि सहाही आत्याबाईंचे. सासूच्या कोनाड्यात सुनेने बोट घालायचं नाही, हा त्या घरचा कायदा. माझ्या बरण्या पेटीत, आणि पेटी माळ्यावर. त्या घरात माझं म्हणावं असं वीतभर ठिकाण नव्हतं, अन् या गोष्टीचं मला फार वाईट वाटायचं. उगीच कशाला लपवू? शेवटी हे मामंजींजवळ बोलले आणि मामंजी म्हणाले, "लावू की एक फळी. अप्पाला विचारा." झालं. माझ्या नशिबात तेवढंच बाकी होतं.

आमची ती भिंत उन्हात वाळवलेल्या मातीच्या भेंड्यांची. अप्पांनी तिला कान लावला, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "सूनबाई, दगडाच्या भितीत कांब बसवून शिसं ओतता येतं. भाजल्या विटेत सांध्यात गुट्टी मारता येते. भेंड्याच्या भितीचं तसं नसतं. ती आधी हो म्हणते आन मग सोडून देते." मी विचारलं, मग कधी? तर थंडीत म्हणाले, भिंत आखडलेली हाय. उन्हाळ्यात म्हणाले, भुगा व्हायलाय. पाऊस लागला तेव्हा म्हणाले, भिजली हाय, आता तिला छेडू नका. मी मार्गशीर्षात आले होते. आषाढ आला तरी माझ्या बरण्या माळ्यावरच.

हातावर हात धरून मात्र ते बसले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. दर चार दिवसांनी नवी गुट्टी ठोकून बघत. ती तपासायची त्यांची रीत एकच. देह दोन मणांचा. दोन्ही हातांनी गुट्टीतल्या खिळ्याला धरायचं, गुडघे दुमडायचे आणि लोंबकळायचं. "मी झेपलो तर लोणचं झेपंल. सूनबाई, शंभर मोजा." मी डोक्यावरचा पदर सावरत हळू आवाजात मोजायची. सागाची गुट्टी सतरावर सुटली. बांबूची नवावर. बाभळीने एकेचाळीसपर्यंत दम धरला आणि मग अप्पा भिंतीच्या टोपलीभर मातीसकट चुलीपाशी येऊन बसले. अंग झाडत म्हणाले, "बाभळ चांगली हाय. भित बेइमान निघाली." भोकं अकरा झाली तेव्हा आत्याबाई शेणमातीने ती लिंपता लिंपता म्हणाल्या, "भित हाय का चाळण?"

एकदा तर माझ्या फळीपायी त्यांना पकडलं. उधारी वसुलीला नव्हे, खास भेंड्याच्या भिंती बघायला ते एका गावी गेले होते, आणि तिथल्या चावडीच्या भिंतीला कान लावून टकटक करत उभे राहिले. आत कोठडीत एक बैलचोर होता. तिथल्या फौजदाराला, अमीनसाहेबांना, वाटलं, हा माणूस चोराला खुणा करतोय. दरडावून विचारलं, "क्या कर रहे?" अप्पा म्हणाले, "हुजूर, दीवार से पूछ रहा था." "क्या बोली?" "बोली, खीला नक्को मारो." दुपारभर त्यांना त्या चोराशेजारीच बसवून ठेवलं. सुटून आले ते खुशीत होते. आतल्या बाजूने भिंत बघायला परवानगी मिळत नसते, ती फुकटात मिळाली, असं त्यांचं म्हणणं.

श्रावणात पंचमीला वन्सं माहेरी आल्या आणि माझं धाबं दणाणलं. वन्सं माळ्यावर चढल्या, पेटी उघडली, बरण्या बघितल्या आणि खाली येऊन आईला म्हणाल्या, "बरण्या घ्यायच्या तर अशा घ्याव्यात. इथं धूळ खात पडायल्यात, माझ्याकडं रिकामी फळी हाय." आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संची गाडी निघायच्या आत सुनेची फळी लागली तर बरण्या सुनेच्या. नाही लागली तर त्याच गाडीत. मी यांच्याकडे बघितलं. हे बैलांच्या शिंगांकडे बघत होते. मग मी सरळ अप्पांच्या दुकानात गेले, मिरच्यांत पाय ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, माझ्या आईच्या बरण्या चालल्या." माझे डोळे भरून आले होते. अप्पांनी तराजू खाली ठेवला. "जिम्मा माझा," म्हणाले.

तरी पोळा उजाडलाच. बैलांना पुरणपोळीचा घास देऊन झाला तरी अप्पा आमच्या स्वैपाकघरात मांडी घालून त्या भिंतीसमोर बसलेले. बाभळ नाही, साग नाही, शिसं नाही. घाम पुसत होते. मी कोपऱ्यात कढईवर राग काढत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, जेवायला या, पोळ्या गार व्हायल्यात." अप्पांनी मान वर केली. भिंतीकडे बघितलं. परत काकूंची हाक आली. आणि दोन मणांचा तो माणूस ताडकन उभा राहिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "हिला दुसरी बाजू हाय."

त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हा माणूस तीस वर्षं जेवत होता. मी डोक्याला हात लावला. पण अप्पांना आता कुणी थांबवू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच पहार आली. भिंतीला दोन आरपार भोकं पडली. बाभळीचे दोन लांब दांडे इकडून घालून तिकडे काढले आणि दोन्हीकडून आडव्या पाचरी मारल्या. इकडे ओढा, तिकडे ओढा, दांडा जागचा हलेना. "एका बाजूनं धरलं तर भित सोडती," अप्पा धापा टाकत सांगत होते, "दोन्हीकडून धरलं तर बिचारी जाती कुठं?"

दारात वन्संची गाडी जुंपलेली. वन्सं बरण्यांसाठी गवत पसरून बसलेल्या. घरचे सगळे स्वैपाकघरात उभे. अप्पा दांड्यांना लोंबकळले आणि मी मोजायला लागले. या वेळी पदर सुटला तरी मोठ्याने मोजलं. चाळीसला आत्याबाईंनी श्वास रोखून धरला. सत्तरला अप्पांचा चेहरा जांभळा झाला. शंभर झाले, दांडे तसेच. "उतरा आता," मामंजी म्हणाले. "पन्नास अजून," अप्पा म्हणाले, "लोणचं मुरल्यावर जड होतं." दीडशेवर उतरले, यांनी दांड्यांवर फळी ठेवली आणि मी माझ्या हातांनी तीन बरण्या मांडल्या. वन्संना मी वाटीभर लिंबाचं लोणचं दिलं. अगदी मनापासून दिलं. जिंकलेल्या माणसाला काय जातंय?

भिंतीपलीकडे त्याच वेळी वेगळाच गोंधळ. दांड्यांची टोकं काकूंच्या माजघरात हातभर बाहेर आली होती. अप्पा तिकडे पोचेपर्यंत काकूंनी त्यांवर पाटाची फळी टाकून चार डबे मांडून टाकले. अप्पा म्हणाले, "अगं थांब, या बाजूची पारख व्हायची हाय." काकूंनी त्यांचा रुमाल डोक्यावरून काढला आणि दांड्याच्या टोकाला अडकवला. "तीस वर्षं पारखली," म्हणाल्या, "आता जेवा." पुढे कित्येक वर्षं काकूंनी तिकडे डबा ठेवला की इकडे माझ्या बरण्या किणकिणत. काकू स्वैपाकाला लागल्या हे मला त्यावरून कळे.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी, भर वैशाखात, अप्पा गेले. सकाळी दुकान उघडलं आणि गुळाच्या ढेपेला टेकून बसले ते उठले नाहीत. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. शेतात खड्डा खणायचा, त्याच्या एका बाजूच्या मातीत कोनाडा कोरायचा आणि त्यात त्याला मांडी घालून बसवायचं. पण ती उन्हाने भेगाळलेली काळी माती. कोनाडा कोरला की वरून ढासळे. दोनदा कोरला, दोनदा ढासळला. काठावर दहा पुरुष आणि दहांची दहा मतं, हे सगळं त्यांनी अप्पांकडूनच उचललेलं. कुणी म्हणे माती ओली करा, कुणी म्हणे बाजू बदला. आणि ज्याचा शब्द सगळ्यांनी ऐकला असता तो तेवढा घरी भिंतीला टेकून, गळ्यात हार घालून, गप्प बसलेला.

शेवटी हे धावत घरी आले. "वरून आधाराला फळी पाहिजे," म्हणाले. माझ्या भिंतीकडे मात्र बघितलं नाही. काकू अप्पांजवळ बसल्या होत्या, त्यांचे डबे कोण उतरवणार? मी एकेक बरणी उचलून जमिनीवर ठेवली, फळी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि यांच्या हातात दिली. मग आम्ही बायकाही मातीला गेलो. फळी कोनाड्याच्या वरच्या अंगाला बेताची बसली. अप्पांना खाली बसवलं, भस्म लावलं, आणि मातीचा एक कणही त्यांच्या डोक्यावर पडला नाही. मी मूठभर माती टाकली आणि हुंदके देऊन रडले. बापाला रडले नसेन इतकी रडले.

आत्याबाई गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या होत्या. अंघोळ करून ओलेत्याने मी स्वैपाकघराच्या दाराशी आले, तर चुलीजवळचा सगळ्यात मोठा कोनाडा रिकामा. हळदीमिठाची, डाळींची मडकी, त्या स्वतः सून होऊन आल्यापासून तिथे होती. ती सगळी खाली जमिनीवर मांडलेली. आत्याबाई पदराच्या टोकाने कोनाडा पुसत होत्या.

माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? आण त्या बरण्या."