आत्याला नाही म्हणणारा सेमीसी

माझा धाकटा भाऊ सेमीसी भूल देणारा डॉक्टर आहे. आमच्या अख्ख्या टोंगा देशात असा दुसरा नाही. तो म्हणतो, "दादा, आहेत की." असू देत. मी सातवीत शाळा सोडली, पण माणूस ओळखतो. लहानपणी हा केकाटणाऱ्या डुकराच्या पिल्लाला थोपटून झोपवायचा. तेव्हाच मी आईला सांगितलं, हा नाव काढणार.

तर आमची लोसालिनी आत्या. वजन एकशे चाळीस किलो, साखर वाढलेली, हृदय निम्म्या ताकदीवर, आणि घोरताना मधेच श्वास बंद. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. ती काढली नाहीत तर पाय जाणार, आणि भूल चुकली तर आत्याच जाणार.

सेमीसीने ठरवलं, झोपवायचंच नाही. घोट्याभोवती सुया देऊन नुसतं पाऊल बधिर करायचं.

"म्हणजे बोटं कापताना मी जागी?" आत्या कडाडली.

"मधे पडदा असतो, आत्या."

"पडदा तुझ्या खिडकीला लाव!"

आमच्यात बापाची बहीण घरात मानाने सगळ्यात मोठी. माझ्या लग्नाचा केक ती अख्खा उचलून घेऊन गेली आणि आम्ही वर तिचे आभार मानले. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "लू घेऊन ये," तेव्हा मी हॉस्पिटलात नेलं. लू म्हणजे अळूच्या पानात, नारळाच्या दुधात शिजवलेलं खारं मांस. रात्रीपासून उपाशी राहायचं, हे मला माहीत होतं. पण आत्याला नाही कोण म्हणणार?

सेमीसी आला. "आत्या, काही खाल्लंत?"

"देवाचं नाव घेतलं."

तो माझ्याकडे वळला. "दादा?"

मी समुद्रात शार्कला लाथ घातलेली आहे. तरी छताकडे बघत बसलो.

"दादा, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर ती हातची जाईल. किती खाल्लं?"

"अडीच लू," मी म्हणालो. "आत्याचं उष्टं आपल्याला चालत नाही, म्हणून उरलेलं अर्धं उशीखाली आहे."

"ऑपरेशन आजच होणार," आत्या म्हणाली. "मी सांगतेय."

सेमीसी खाली फरशीवर मांडी घालून बसला, मान झुकवली आणि म्हणाला, "नाही, आत्या. उद्या."

आमच्या घरात हे कुणी कधी बोललेलं नाही. छप्पर पडेल म्हणून मी दाराजवळ सरकलो.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो. पाऊलच बधिर करणार, पण ऐन वेळी झोपवायची पाळी आली तर भरल्या पोटी घात होईल. माझ्यावर रागवा, पण जिवंत राहून रागवा."

 आत्या माझ्यावरच घसरली, "आणि तू! मी मागितलं म्हणून आणलंस? गाढवा!"

दुसऱ्या दिवशी सेमीसीने तिला झोपेचं औषध दिलं नाही, आणि डोळा लागू नये म्हणून सारखं बोलतं ठेवलं. पाऊण तास. नर्स सांगत होती, आत्याने माझी दोन लग्नं, तीन बुडालेल्या होड्या आणि शार्कची खरी लांबी, सगळं तपशीलवार सांगितलं. सर्जनचा हात हसून हलायला लागला तेव्हा सेमीसीने विषय हवामानावर नेला.

दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. आत्या आता टाचेवर चालते आणि येईल त्याला सांगते, "मला नाही म्हणायची हिंमत फक्त माझ्या सेमीसीत आहे. तुम्ही करून बघू नका."