खोबरेल लावलेली दुनळी

दिगू गेल्याचं मला त्याच्या मुलाने, रोहनने, फोनवर सांगितलं. "काका, बाबा उठत नाहीये," एवढंच. झोपेतच हार्ट अटॅक. इथे परदेशात, ट्रॉयमध्ये, आमची घरं पाठीला पाठ लावून. मी पोचेपर्यंत दारात अँब्युलन्स उभी होती. याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे त्याच्या शांत स्वभावाबद्दल भरभरून बोलतात. माझं डोकं मात्र त्याच्या बंदुकीपाशी अडकलंय...

दिगू कोकणातला, अंडंसुद्धा न खाणारा. सगळी नोकरी गाड्यांच्या इंजिनांना कुठलं ऑइल चालेल हे ठरवण्यात गेली. रोहन लग्नानंतर सासऱ्याबरोबर शिकारीला जायला लागला. दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, ते दोघं शेतं तुडवत फिरायचे आणि सख्खा बाप घरी बसून फोनवर तिकडचं हवामान बघायचा. रिटायर झाल्यावर एक दिवस म्हणाला, "मीही जाणार. बंदूक बघायला चल." मी म्हटलं, "झुरळ मारायला शैलावहिनींना हाक मारतोस, तू काय शिकार करणार?" तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण हौसेचं नाही.

नवीकोरी नको म्हणाला. रोहनच्या सासऱ्याकडे जुनी दुनळी, दोन नळ्यांची बंदूक होती, म्हणून यालाही जुनीच हवी, तीही खिशाला परवडणारी. आम्ही गावोगावची दुकानं पालथी घातली. एका दुनळीच्या नळ्यांवर पैठणीच्या काठासारखी नक्षी, शिवाय स्वस्त. हा खुळावला. दुकानदार म्हातारा भला होता. म्हणाला, ही पट्ट्या पिळून केलेली नळी, आजच्या काडतुसाने हातात फुटेल, भिंतीवर लावायची असेल तर घे. मग त्यानेच दुसरी, काळी साधी दुनळी काढली, नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. लांबवर नाद घुमला. दोन नळ्यांमधला सांधा सुटलेला असेल तर बद्द वाजतं म्हणे. दिगूने कान लावून परत परत टिचक्या मारल्या. "माठ घेतोयस का रे?" मी म्हटलं. पण घेतली तीच.

खंडेनवमीला शैलावहिनींनी विळी, शिवणयंत्र मांडलं, त्यात दुनळीही आली. दिगूचे वडील कोयता पुजायच्या आधी खोबरेलाने पुसायचे, म्हणून यानेही पुसली, आणि चापाच्या आत, खटक्यांतही तेल सोडलं. त्यानंतर रोहन आणि त्याच्या सासऱ्याबरोबर शिकारीला गेला, त्या सकाळी गवतावर हिंव पडलं होतं. फेझंट पक्षी अगदी पायाजवळून उडाला. दिगूने चाप ओढला, आत काहीच हललं नाही. सासऱ्याने ट्रकपाशी बंदूक उघडली तर खटके पांढऱ्या गोठलेल्या खोबरेलात रुतलेले. तो पोट धरून हसला. रोहन शरमेने लाल झाला. "तुला यायचंच नव्हतं, बाबा," म्हणाला. पुढच्या खेपेला त्याने बोलावलं नाही.

हे दिगूनेच सांगितलं. मी भडकलो. "लेका, जन्म तेलातच गेला तुझा आणि खोबरेल गोठतं हे विसरलास?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सणाचा दिवस होता रे..." आमच्या घरांत थंडीत खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही. तो विसरला? मला पटत नाही. आणि पक्षी मरू नये म्हणून मुद्दाम केलं म्हणावं, तर चांगली बंदूक पारखायला त्या टिचक्या कशाला मारत होता? विचार करकरून मला त्याचाच राग येतो. सांगून मरायचं होतं की नाही.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, बेसमेंटमधली ती ब्याद घेऊन जा. रोहन आणि मी खाली गेलो. त्याने ती उघडली. तिथल्या गारव्यात तेल अजून तसंच गोठलेलं होतं. त्यावरून तो बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "काका, डिड ही डू इट ऑन पर्पज?"

"मला खरंच माहीत नाही रे."

"विसरला असेल, तर ओके. बट इफ ही डिडन्ट..." तो पुन्हा खटक्यांकडे बघायला लागला. "मग बाबा नुसता माझ्याबरोबर चालायला आला होता."

मी फडकं पुढे केलं, म्हटलं, पुसून टाक, गंज चढेल. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि बंदूक होती तशी मिटून मांडीवर घेतली.